भाऊजी आणि जावईबापूंचं अ‍ॅप

आमच्या हॉटेलात दोन सख्खे भाऊ अकरा वर्षं एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत, आणि तरीही एका गिऱ्हाइकाचं जेवण दुसऱ्याच्या टेबलावर कधी गेलं नाही. हे कौतुक म्हणून सांगतेय की तक्रार म्हणून, ते माझं मलाही ठरवता आलेलं नाही.

थोरले म्हणजे आमचे हे. स्वयंपाकघर त्यांचं, तिथे ते मलासुद्धा पाय ठेवू देत नाहीत. धाकटे म्हणजे माझे दीर, सगळी टेबलं त्यांची. आणि मधे काउंटरवर मी. भिंतीला एक खिडकी आहे. त्या खिडकीच्या अलीकडे भाऊजी, पलीकडे हे, आणि दोघांच्या नाकांत हातभर अंतर.

भांडण कशावरून झालं म्हणाल तर सुपावरून. गिऱ्हाइकाने खारट म्हणून सूप परत पाठवलं. भाऊजी वाटी घेऊन खिडकीशी गेले, एक चमचा तोंडात घातला आणि भरल्या हॉटेलात म्हणाले, "दादा, साहेबांचं बरोबर आहे." आतून हे ओरडले, "मग साहेबांच्याच घरी राहायला जा!" झालं. भाऊजी कुठे गेले नाहीत, पण बोलणं गेलं. मला वाटलं, दोन दिवसांत निवळेल. त्याच संध्याकाळी दोघांनीही माझ्या हाती निरोप द्यायला सुरुवात केली. "वहिनी, दादाला सांगा, आलं संपलंय." "अगं, त्याला विचार, सहा नंबरचं काय झालं." माझं डोकं तापायला फार वेळ लागत नाही. मी दोघांनाही ऐकवलं, "मी तुमची टपालपेटी नाही. तुमचं तुम्ही बघून घ्या."

त्यांनी बघून घेतलं. चिठ्ठीवर.

चिठ्ठी म्हणजे ऑर्डरची. भाऊजी टेबलाशी उभे राहून लिहितात, वरचा कागद फाडून खिडकीतून आत सरकवतात, खालची कार्बनची प्रत माझ्याकडे बिलासाठी येते. जेवण तयार झालं की तोच वरचा कागद प्लेटखाली घालून बाहेर येतो, म्हणजे कुठल्या टेबलाचं ते कळतं. मग तो खिडकीजवळच्या तारेत ओवायचा. दिवसभरात शंभर-सव्वाशे कागद आत-बाहेर करायचे. त्या दोघांमध्ये उरलं होतं ते एवढंच.

भाऊजींनी लग्न केलं नाही. हॉटेलच्या वरच्या खोलीत राहतात. पांढरे शर्ट चार, बूट एकच जोड, पण रोज पॉलिश केलेला. सहा फूट उंचीचा माणूस, पण टेबलांमधून असा जातो की खुर्चीला धक्का नाही. कुणाला कुठे बसवायचं हे त्यांना दारातूनच कळतं. एकदा एका जोडप्याला मी खिडकीजवळचं छान टेबल दिलं, तर भाऊजींनी त्यांना उठवून भिंतीकडे नेलं. मी नंतर तणतणले. तर म्हणाले, "वहिनी, ती रडणार आहे. रस्त्यावरून लोक बघतील." आणि सूप येण्याआधी ती खरंच रडली. भाऊजींनी जादाचे दोन हातरुमाल ठेवले आणि तिकडे पाठ करून उभे राहिले. असा माणूस. मला भाऊ नाही, आणि लग्नानंतर त्याची उणीव कधी भासली नाही ती भाऊजींमुळे. हे त्यांच्या तोंडावर मी कधी बोलले नाही. तोंडावर मी फक्त ओरडते.

गेल्या वर्षी आमच्या जावयाने चांगली नोकरी सोडली. म्हणे स्वतःचं काहीतरी करणार. लेकीने फोनवर सांगितलं तेव्हा मनात बरंच आलं, पण जावयाला बोलायची सोय नसते. काहीतरी म्हणजे हॉटेलांसाठी अ‍ॅप. साथीच्या दिवसांनंतर लोक मेनूकार्ड दोन बोटांत धरतात, हे त्याने कुठेतरी हेरलं होतं. टेबलावर ठिपक्याठिपक्यांचा चौकोन चिकटवायचा, गिऱ्हाइकाने त्यावर आपला फोन धरायचा, फोनवरच मेनू, फोनवरच ऑर्डर, आणि ती थेट स्वयंपाकघरातल्या पडद्यावर. कुणी कुणाला शिवायचं नाही. "आई, पहिलं हॉटेल तुमचं," तो म्हणाला. नाही कोणत्या तोंडाने म्हणणार?

मग तो रोज सकाळी येऊन सात नंबरच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसायला लागला. आणि तपासायला हाताशी कोण, तर भाऊजी. चष्मा कपाळावर, फोन हातभर लांब.

"काका, हा पहिला पडदा. इथे नाव आणि फोन नंबर टाकायचा."

"का?"

"म्हणजे आपल्याला ग्राहकाची माहिती मिळते."

"तो जेवायला आलाय. भुकेल्या माणसाला आधी नाव विचारतात का?"

पडदा गेला. दुसऱ्या दिवशी जावयाने एकेचाळीस पदार्थांचे फोटो लावून आणले. भाऊजींनी बोटाने सरकवत सरकवत शेवटपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "पाणी कुठाय?"

"पाणी?"

"बसल्या बसल्या माणूस पहिलं काय मागतो?"

जावईबापूंचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. पाणी सगळ्यात वर आलं. मग बटणं मोठी झाली, कारण आमच्या निम्म्या गिऱ्हाइकांचे चष्मे घरी राहिलेले असतात. मग 'काय चांगलं आहे आज?' यावर तीन दिवस घोळ चालला. जावयाने तिथे 'आमची शिफारस' म्हणून सहा पदार्थ टाकले होते. भाऊजी म्हणाले, "सहा कशाला? जो हे विचारतो त्याला निवडायचा कंटाळा आलेला असतो. त्याला एकच सांगायचं, तेही ठामपणे." आता त्या जागी एकच पदार्थ येतो, रोज वेगळा. जावई घरी जाऊन लेकीला म्हणाला, की मी कॉलेजात चार वर्षं शिकलो नाही ते काकांनी पंधरा दिवसांत शिकवलं.

आणि माझ्या मनात येत होतं, की हा देवमाणूस आपल्याच हाताने आपली वही मोडीत काढतोय, हे याला कळतंय का? कळत होतं. ते काही खुळे नाहीत. पण जावई आशेने आलेला, त्याला नाराज कसं करायचं!

मग तो मंगळवार आला. आमचे हे दाढ काढायला गेले होते. महिनाभर मी पाठीमागे लागले तेव्हा कुठे गेले, असा माझा समज होता. स्वयंपाकघर हाताखालच्या आचाऱ्याकडे होतं. जावई म्हणाला, "आई, लोक ऑर्डरसोबत काय काय सूचना देतात ते मला बघायचंय. आतल्या चिठ्ठ्या मिळतील का?" मी खिडकीतून हात घालून तारच काढून दिली.

पाच मिनिटांनी त्याने मला हाक मारली. आवाज वेगळाच.

चिठ्ठीवर वर ऑर्डर होती. टेबल तीन, मीठ कमी. आणि त्याखाली, कागद फाडल्यानंतर लिहिलेलं, म्हणून माझ्या कार्बनवर कधीच न उमटलेलं, भाऊजींच्या बारीक अक्षरात: "तीनचे आजोबा आज एकटेच आलेत." त्याखाली ह्यांच्या गिचमिड अक्षरात, पेन्सिलीने: "बरं. भात मऊ करतो." पुढची चिठ्ठी. "एका बाजूने चावतोस. दाढ का?" "हो." पुढची. "दाखव." "बघू." पुढची. "बघू नाही. मंगळवारी अकराची वेळ घेतली आहे." "बरं."

मी खुर्चीवर बसले. म्हणजे महिनाभर मी घसा फोडला तो हवेत, आणि गेले ते या दोन ओळींवर!

आम्ही तारेतले सगळे कागद वाचले. वाचायला नको होते, पण वाचले. ह्यांच्या अक्षरात: "काल झोपला नाहीस." "वर पंखा आवाज करतो." "आज माणूस पाठवतो." पंख्याचा माणूस आला होता खरा. मीच त्याला चहा दिला होता. अकरा वर्षं शंभर-शंभर कागद, आणि मी मधोमध बसून बिलं करतेय. मला हसू आलं, रडू आलं आणि मग मला राग आला. एवढं सगळं आहे, तर तोंड उघडायला काय धाड भरलीय दोघांना?

आणि तिथेच माझी चूक झाली. जावई बिचारा म्हणत होता, "आई, मी स्वयंपाकघरात एक छोटा प्रिंटर ठेवतो, कागद निघेल, काकांना त्यावर लिहिता येईल." मी म्हटलं, नाही. कागद बंद म्हणजे बंद. एक चिटोरं दिसता कामा नये. माझा हिशेब सरळ होता. कागद आहे म्हणून यांचं भागतंय. कागद काढून घेतला की बोलतील, जातात कुठे!

"नक्की ना, आई?" जावयाने दोनदा विचारलं.

"नक्की," मी म्हटलं. फार शहाणी समजते मी स्वतःला.

अ‍ॅप सुरू झालं आणि लोकांना आवडलं, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. म्हातारी माणसंसुद्धा पाण्याचं बटण दाबून लहान मुलासारखी हसायची. ह्यांच्यासमोर भिंतीवर पडदा लागला. ऑर्डर आली की टिंग वाजायचं. तयार झालं की ह्यांनी हिरवं बटण दाबायचं, मग बाहेर भाऊजींच्या फोनवर टेबलाचा आकडा. भाऊजींनी खिडकीतून प्लेट उचलायची आणि नेऊन ठेवायची. पहिल्या दिवशी ते सवयीने प्लेटखाली बोट घालून चाचपत होते. तिथे काही नव्हतं.

मी वाट बघत राहिले. एक आठवडा, दोन आठवडे. ते बोलले नाहीत. उलट आधी खिडकीशी जे दोन क्षण थांबायचे, तेही थांबेनात. ह्यांचं घरी जेवताना लक्ष नसायचं. मी काही विचारलं की "अं?" तिकडे भाऊजी रिकाम्या हातांनी खांबाला टेकून उभे. लिहायचं नाही, विचारायचं नाही, नुसतं वाहायचं. वरच्या खिशात पेन मात्र रोज लावलेलं. ते पेन बघून माझा जीव तुटायचा. मग मीच त्यांच्यावर खेकसायची, की असे खांबासारखे काय उभे राहता!

तिसऱ्या आठवड्यात, दुपारची गर्दी ओसरल्यावर, ते काउंटरशी आले.

"वहिनी, मी ताईकडे जाऊन राहतो म्हणतोय."

ताई म्हणजे या दोघांची थोरली बहीण, माझी नणंद. दुसऱ्या गावी तिची झाडांची नर्सरी आहे. गेली कित्येक वर्षं ती भाऊजींना बोलावतेय.

"किती दिवस?" मी विचारलं.

"कायमचाच. सोमवारी निघेन. इथे आता माझं काय अडलंय? प्लेटा कुणीही नेईल."

माझ्या हातातला बिलांचा गठ्ठा खाली पडला. मी म्हटलं, "डोकं फिरलंय का तुमचं?" मग म्हटलं, "पगार वाढवून हवाय का?" कसलं वेड्यासारखं बोलले मी! ते नुसते हसले.

"दादाला तुम्ही सांगा," ते म्हणाले. "मी गेल्यावर सांगितलं तरी चालेल."

"मी नाही सांगणार."

"मग राहू द्या. कळेल त्याला."

त्या रात्री हे शेजारी घोरत होते आणि मी टक्क जागी होते. तोंडापर्यंत आलं होतं, पण सांगितलं असतं तर काय झालं असतं ते मला माहीत होतं. हे म्हणाले असते, "जाऊ दे त्याला," आणि भिंतीकडे कूस वळवली असती. माझ्या तोंडून गेलेलं काही त्यांच्या आत पोचत नाही, हे एव्हाना मला पुराव्यानिशी कळलं होतं. आणि दोघांमधला एकुलता एक कागद मीच फाडला होता. आता कोणाच्या माथी खापर फोडणार? भाऊजी गेले की हे दोघे मरेपर्यंत भेटणार नाहीत, हे मला दिवसासारखं लख्ख दिसत होतं.

शुक्रवार गेला. शनिवारी सकाळी भाऊजींनी खोलीतली ट्रंक खाली आणून जिन्याखाली ठेवली. ह्यांचं लक्ष नाही.

शनिवारी दुपारी हॉटेल अर्धं भरलेलं होतं. मी मान वर केली तर भाऊजी सात नंबरच्या टेबलावर गिऱ्हाइकासारखे बसलेले. आमच्या हॉटेलात त्यांना बसलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. उभ्यानेच जेवायचे ते. समोर फोन, चष्मा कपाळावर, आणि एका बोटाने एकेक अक्षर शोधून दाबत होते. इतका वेळ लावला, की शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी विचारलं, "मदत करू का?" त्यांनी मानेनेच नको म्हटलं.

आत टिंग वाजलं.

आणि मग काहीच नाही. आत कलथ्याचा आवाज चालला होता, तो थांबला. मी वाट बघतेय, पुढची टिंग वाजली, आणखी एक वाजली, पण आत सामसूम. मग स्वयंपाकघराचं दार उघडलं. गर्दीच्या वेळी ते दार ह्यांनी उघडलेलं मला आठवत नाही. एप्रन तसाच, हातात कलथा, त्याला कांदा चिकटलेला. हे सरळ सात नंबरकडे गेले.

"पुढे काय?" हे म्हणाले.

भाऊजी उठून उभे राहिले.

"पुढे काय लिहिलंयस? तुटलंय ते. 'आणि तुझ्या' इथपर्यंतच आलंय. माझ्या काय?"

सगळं हॉटेल बघत होतं. भाऊजींनी फोनकडे पाहिलं, ह्यांच्याकडे पाहिलं.

"तुझ्या जेवणाकडे कोण बघणार, असं होतं," ते म्हणाले. "चार-चार वाजेपर्यंत जेवत नाहीस तू. मी ताट काढून खिडकीत ठेवतो म्हणून जेवतोस."

मेलं, मग बायको म्हणून मी कशाला होते? पण हे मी मनात म्हटलं. तेवढी अक्कल त्या क्षणी होती.

"एवढं कळतं तर जातोस कशाला?" हे ओरडले. ओरडलेच. गिऱ्हाइकं दचकली. "कायमचा म्हणे! विचारलंस कोणाला? ताईला मी फोन करतो. कुठे जायचं नाही, बारक्या."

साठीला टेकलेल्या सहा फुटी माणसाला बारक्या म्हणणारा जगात आता हा एकच उरलाय. ह्यांना पुढे काय करावं सुचेना, म्हणून त्यांनी समोरची खुर्ची ओढली आणि मट्कन बसले, कलथा हातातच.

मला जळका वास आला. मी धावत स्वयंपाकघरात शिरले आणि गॅस बंद केला. समोर तो पडदा. सगळ्यात वर सात नंबर. चहा, एक. साखर नको. खाली सूचनेच्या रकान्यात लिहिलं होतं: "दादा, सोमवारी ताईकडे राहायला जातोय. कायमचा. राग नाही. आणि तुझ्या". जावयाने त्या रकान्याला अक्षरांची मर्यादा घालून ठेवली होती, लोक निबंध लिहीत बसतील म्हणून. पुढचं भाऊजींनी सगळं लिहिलं होतं. गेलं तेवढंच.

पडद्यावर ऑर्डरी वाढत होत्या. तीन नंबर, नऊ नंबर, पुन्हा तीन. खिडकीतून बाहेरचं दिसत होतं. हे काहीतरी विचारत होते, भाऊजी मान हलवत होते, मग भाऊजी काहीतरी म्हणाले आणि हे जोरात नाही म्हणाले. भांडत होते बहुतेक. मी पदराने डोळे पुसले.

तेवढ्यात माझा फोन वाजला. जावई. तो आपल्या घरी बसून सगळ्या ऑर्डरी बघत असतो.

"आई, काहीतरी बिघडलंय. वीस मिनिटं झाली, एकही ऑर्डर पुढे सरकत नाहीये. सगळं अडकलंय."

"अडकू दे, जावईबापू," मी म्हटलं. "आज अडकू दे."